एक घोट... सावकाश!

हॉस्टेलवर राहणाऱ्या प्राण्याला जेवायला किती वेळ लागतो? आमच्या मेसमधला रेकॉर्ड साडेचार मिनिटांचा आहे आणि तो सबमिशनच्या आठवड्यात झालेला आहे. एका हातात फाईल, दुसऱ्या हातात पोळीचा रोल, शेवटचा घास जिन्यात आणि पाणी थेट वर्कशॉपच्या कूलरवर! यात गिळणं नावाची काही क्रिया असते, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. घास तोंडात टाकला की तो पोटात जाणारच. ग्रॅव्हिटी आहेच की!

पण मित्रांनो, ग्रॅव्हिटीचा यात फारसा हात नाही. शीर्षासन करूनही माणूस गिळू शकतो. आपल्या तोंडात दिवसाला साधारण एक ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती आपण शेकडो वेळा नकळत गिळत असतो. लेक्चरमध्ये डुलक्या काढताना, एवढंच काय, गाढ झोपेतसुद्धा. जी गोष्ट आपण दिवसातून इतक्या वेळा करतो, ती एका सकाळी बंद पडली तर?

आमच्या घरात नोव्हेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. आल्याचं थोडं शेत, दोन म्हशी आणि घरातला मोठा माणूस म्हणजे माझे आजोबा, आप्पा. आप्पांची गावात दोन गोष्टींसाठी ओळख. एक म्हणजे त्यांचा चहा. स्वतःच्या शेतातलं आलं ठेचून घातलेला, दिवसातून पाच वेळा. आणि दुसरी म्हणजे पंगतीतला आग्रह. गावात कुणाचंही लग्न असू दे, बारसं असू दे, आप्पा बुंदीचं घमेलं घेऊन पंगतीत शिरले की भलेभले ताटावर आडवे हात धरायचे. ‘आरं, घे की वाईच! ह्या वयात न्हाई खाणार तर कवा?’ असं म्हणत ते हाताच्या फटीतून बरोबर ताटात बुंदी सोडायचे. खाऊ घालणं म्हणजेच माया, हा त्यांचा साधा हिशेब. आपल्याकडे बहुतेकांचा तोच असतो.

त्या दिवशी पहाटे आजीला जाग आली तेव्हा आप्पा कॉटवर बसायचा प्रयत्न करत होते आणि उजवीकडे कलंडत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं जड. काकांनी शेजाऱ्याची गाडी काढली आणि साताऱ्याला नेलं. सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली होती, म्हणून शरीराची उजवी बाजू लुळी पडली होती. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन असतं, पण ते झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आप्पांना झटका रात्री झोपेत कधी आला हेच कुणाला सांगता येईना, त्यामुळे तो रस्ता बंद झाला.

मी त्यावेळी सेकंड इयरला होतो. फोन आला तसा सांगली स्टँडवरून एसटी पकडली. आष्टा, पेठ नाका, कराड करत साताऱ्यात पोचेपर्यंत दुपार झाली. आप्पा शुद्धीवर होते. मला ओळखलं. डाव्या हातानं माझा हात धरला आणि काहीतरी म्हणाले. तीन वेळा ऐकल्यावर कळलं. ‘च्या’ म्हणत होते.

दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कुणी येत नाही. बिस्किटाचे पुडे, सफरचंदं आणि शहाळी! शहाळ्याचं पाणी म्हणजे तर अमृत. ‘एवढं तरी पोटात जाऊ दे,’ म्हणत एका पाहुण्यांनी आप्पांचं डोकं जरा उचललं आणि शहाळ्याचं पाणी चमच्यानं पाजलं. आप्पांना ठसका लागला नाही. खोकला आला नाही. अर्धा पेला संपला. आजीच्या चेहऱ्यावर दोन दिवसांनी पहिल्यांदा समाधान दिसलं.

तिसऱ्या रात्री ताप चढला. श्वासाला घरघर लागली. एक्स-रे काढला तर उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, पाणी किंवा लाळ श्वासनलिकेत गेली असणार, बहुतेक तेच कारण आहे. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. ठसका तर लागला नव्हता!

इथून माझा अभ्यास सुरू झाला. कुठल्याही विषयाच्या ओरलसाठी केला नसेल एवढा.

आपल्या घशात एक जंक्शन आहे. तोंडातून येणारा अन्नाचा रस्ता आणि नाकातून येणारा हवेचा रस्ता तिथे एकत्र येतात आणि पुन्हा वेगळे होतात. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. म्हणजे रेल्वे आणि हायवे एकमेकांना जिथे छेदतात तसलं फाटक. एरवी फाटक हवेसाठी उघडं असतं. घास मागे सरकला की सेकंदभरात काय काय घडतं बघा. श्वास थांबतो. टाळूचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, स्वरतंतू मिटतात, त्यावर एक झाकण आडवं होतं. त्याचवेळी अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला, एरवी आवळलेला स्नायू सैल पडतो आणि घास खाली जातो. मग सगळं पुन्हा जागच्या जागी. तीसच्या आसपास स्नायूंच्या जोड्या आणि मेंदूतून थेट निघणाऱ्या पाच-सहा नसांच्या जोड्या यात भाग घेतात. कुठल्याही पीएलसी प्रोग्रॅमिंग करणाऱ्यानं हात जोडावेत असं हे सिक्वेन्सिंग आहे!

पक्षाघातात या फाटकवाल्याला निरोपच उशिरा पोचतो. फाटक अर्धवट पडतं किंवा गाडी येऊन गेल्यावर पडतं. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना सुरुवातीच्या दिवसांत गिळण्याचा काही ना काही त्रास होतो. बऱ्याच जणांचा तो काही आठवड्यांत आपोआप कमी होतो, काहींचा राहतो.

आणि ठसका? ठसका हा आपला अलार्म आहे. श्वासनलिकेत चुकून काही गेलं की तो वाजतो. पण मेंदूला इजा झाली की कधीकधी अलार्मची वायरच तुटते. पाणी चुकीच्या नळीत जातं, माणूस शांत बसलेला असतो आणि बघणाऱ्याला वाटतं, छान पितायत! डॉक्टर याला मूक प्रकार म्हणतात. उजवंच फुप्फुस का, याचंही उत्तर इंजिनिअरिंगचंच आहे. श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात, त्यातला उजवा जास्त रुंद आणि जास्त सरळ खाली जाणारा. वाहणारी वस्तू कमी अडथळ्याच्या पाईपनं जाणार, हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकलोय.

आप्पांच्या नाकातून नळी घातली गेली. हिला सगळे ‘राईल्स ट्यूब’ म्हणतात. जॉन राईल नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वी पोटातल्या रसाची तपासणी करण्यासाठी बारीक रबरी नळी वापरात आणली, त्यांचं नाव अजून चालू आहे. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मापायची, तेवढी आत. दर दोन तासांनी सिरिंजनं दोनशे मिली पातळ अन्न. मिक्सरमधून काढलेलं, फडक्यातून गाळलेलं.

न्यूमोनिया आटोक्यात आला. दोन आठवड्यांनी आप्पा नळीसकट घरी आले. ही नळी म्हणजे मोठाच आधार होता, यात शंका नाही. पण घरातलं चित्र फार वेगळं होतं. आजी चाळीस-पन्नास वर्षं या माणसाला गरम भाकरी वाढत आली होती. आता ती सिरिंजमध्ये पेज भरायची आणि नळी वर धरून उभी राहायची. एकदा मला म्हणाली, ‘पोट भरतंय रं, पर चव कळत न्हाई, वास न्हाई. मग ह्यो मानूस जेवला कुठं?’ मला उत्तर देता आलं नाही. आप्पांनी डाव्या हातानं नळी दोनदा उपसून काढली. दोन्ही वेळा पुन्हा साताऱ्याची वारी.

सांगलीत माझी आत्या राहते, विश्रामबागला. तिनं ठरवलं, आप्पांना इकडेच आणायचं. एक तर मिरज जवळ. विल्यम वानलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल काढलं तेव्हापासून लांबलांबचे पेशंट तिथे येतात आणि आज मिरजेत दवाखान्यांची अख्खी पेठ आहे. शिवाय मी हॉस्टेलवर, हाकेच्या अंतरावर. जानेवारी २०२४ मध्ये आप्पा सांगलीत आले आणि माझी प्रत्येक संध्याकाळ आत्याकडे जायला लागली.

तिथे आम्हाला पहिल्यांदा कळलं की गिळायला शिकवणारी माणसं असतात! आणि ती म्हणजे स्पीच थेरपिस्ट. काकांना पटेना. ‘बोलायला शिकवणारे गिळायला कसे शिकवणार?’ पण विचार करून बघा. जीभ, ओठ, टाळू, स्वरयंत्र, सगळी हत्यारं तीच. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. वाचा आणि श्रवण या विषयांत तिथे माणसं तयार होतात. शोधत गेलं तर आपल्या भागातही सापडतात, पण शोधावं लागतं आणि शोधायचं असतं हे आधी माहीत असावं लागतं.

थेरपिस्ट मॅडमनी पहिल्या दिवशी आप्पांना काहीही खायला दिलं नाही. तोंड उघडायला लावलं, जीभ डावी-उजवी करायला लावली, मुद्दाम खोकायला लावलं, ‘आ’ म्हणायला लावलं. मग एका चमच्यात थोडंसं पाणी दिलं आणि पुन्हा ‘आ’ म्हणायला सांगितलं. दुसरा ‘आ’ बुडबुड्यांतून आल्यासारखा ओला होता. ‘हे ऐका,’ त्या म्हणाल्या. ‘ठसका नाही, पण आवाज ओला झाला. स्वरतंतूंवर पाणी आहे.’ एवढी साधी खूण! आम्ही कुणी कधी ऐकलीच नव्हती.

पुढे एक व्हिडिओ एक्स-रे झाला. बेरियम मिसळलेलं पातळ आणि घट्ट पेय पाजतात आणि ते जाताना एक्स-रेची फिल्म घेतात. जेरी लोगेमन नावाच्या अमेरिकन विदुषींनी ही पद्धत रुळवली आणि १९८३ मध्ये या विषयावरचं पहिल्या काही पाठ्यपुस्तकांपैकी एक लिहिलं. स्क्रीनवर मी आप्पांचा घसा आतून पाहिला. पातळ पेय जिभेवरून सटकलं आणि फाटक पडायच्या आत त्याची एक काळी रेघ श्वासनलिकेत उतरली. आप्पा शांत. मग घट्ट पेय दिलं, हनुवटी छातीकडे झुकवून. ते गोळा होऊन हळूहळू आलं, फाटक पडलं आणि सगळं मागच्या नळीत गेलं. खोलीत आम्ही चौघं होतो. कुणीच काही बोललं नाही, पण आत्यानं माझा दंड गच्च धरला होता.

म्हणजे गंमत बघा. दगड पचवणारा माणूस म्हणतात, पण इथे जगातली सगळ्यात अवघड वस्तू ठरली साधं पाणी! कारण ते पळतं. घट्ट पदार्थ फाटकवाल्याला वेळ देतो.

आता व्हिस्कॉसिटी आली म्हटल्यावर मी गप्प कसा बसणार? फर्स्ट इयरला आपण केमिस्ट्री लॅबमध्ये रेडवूड व्हिस्कोमीटर चालवलाय. ५० सीसी तेल बारीक छिद्रातून गळायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. आपल्यापैकी निम्म्यांनी रीडिंग कॉपी केली होती, ते सोडा. गिळण्याच्या त्रासासाठी पदार्थ किती घट्ट हवा, याची एक आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी २०१३ मध्ये एकत्र येऊन काम सुरू केलं आणि काही वर्षांत ती तयार झाली. ० ते ७ अशा आठ पायऱ्या. ० म्हणजे पाणी, ७ म्हणजे आपलं नेहमीचं जेवण. आणि पेय मोजायचं यंत्र कोणतं? १० मिलीची साधी सिरिंज! सुई काढायची, दट्ट्या काढायचा, खालचं तोंड बोटानं बंद करून १० मिलीपर्यंत पेय भरायचं, बोट काढायचं, दहा सेकंदांनी पुन्हा बोट लावायचं आणि किती उरलं ते बघायचं. एक मिलीपेक्षा कमी उरलं तर पायरी ०. एक ते चार मिली उरलं तर १. चार ते आठ उरलं तर २. आठपेक्षा जास्त उरलं तर ३. काहीच गळलं नाही तर ४, तिथे मग चमचा तिरका करून बघायचं. एकच अट, सिरिंजवरच्या ० ते १० खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी हवं, कारण सगळ्या सिरिंज सारख्या नसतात. मी व्हर्नियर कॅलिपर घेऊन मेडिकलच्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदारानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मी विसरणार नाही!

आप्पांना पायरी २ सांगितली होती. आत्याच्या ओट्यावर मी आणि आत्यानं सगळं मोजून काढलं. ताक ०. दूध ०. टोमॅटोचं सार बघायला घट्ट, पण मोजल्यावर १. नाचणीची पेज गरम असताना १, निवल्यावर २ आणि अर्ध्या तासानं ३. म्हणजे तीच पेज, तेच पातेलं, पण वेळेनुसार औषध किंवा धोका! आत्यानं फ्रिजवर तक्ता लावला. एक गोष्ट मॅडमनी सांगितली ती तर भारीच होती. पीठ लावून घट्ट केलेल्या पेयात उष्टा चमचा परत परत बुडवला की ते पातळ होत जातं, कारण लाळेतलं एन्झाइम पिठातला स्टार्च तोडतं. म्हणून वाटी वेगळी, थोडंथोडं काढून घ्यायचं. बाजारात डिंकासारख्या पदार्थाची पावडर मिळते, ती लाळेला तेवढी दाद देत नाही.

टेक्निकल बाजू जमली होती. माणसाची बाजू मात्र अडली.

पहिल्या दिवशी आत्यानं आलं घातलेला चहा पावडर टाकून घट्ट केला आणि चमच्यानं दिला. दोन महिन्यांनी चहा! आम्ही सगळे कौतुकानं बघत होतो. आप्पांनी तो तोंडात घेतला, घोळवला, गिळला आणि चमचा हातानं दूर सारला. बोलणं अजून अडखळत होतं, पण हे वाक्य स्पष्ट आलं. ‘ह्यो च्या हाय का खळ?’

त्यानंतर दोन दिवस त्यांनी तोंड उघडलंच नाही. नळीतून चाललं होतं तेवढंच. मॅडमनीही लपवलं नाही. घट्ट पेयानं चुकीच्या नळीत जाणं कमी होतं हे खरं, पण चव आवडत नाही म्हणून माणसं एकूण पाणीच कमी पितात आणि शरीर कोरडं पडतं, हेही खरं. डॉक्टरांनी दुसरा पर्याय सांगितला. पोटाला छोटं छिद्र पाडून थेट जठरात नळी. पोट उघडायची गरज नसलेली ही पद्धत १९८० च्या सुमारास अमेरिकेत सुरू झाली. जास्त दिवस लागणार असतील तर ती नाकातल्या नळीपेक्षा सोयीची.

घरात दोन तट पडले. काका म्हणाले, ‘वय अठ्ठ्याहत्तर. किती दिवस राहिलेत? द्या की त्यांना साधा च्या, साधं पाणी. सुखानं पिऊ दे.’ आत्या म्हणाली, ‘आणि पुन्हा न्यूमोनिया झाला तर तू बघणार का ते तडफडणं?’ दोघंही रडत होते. दोघांचंही चुकत नव्हतं. मी तिथे बसून होतो आणि मला जाणवत होतं की याचं उत्तर कुठल्याच सिरिंजमध्ये नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग खुर्ची ओढून आप्पांसमोर बसल्या. ‘आप्पा, तुम्हाला काय हवंय?’ त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग डाव्या हातानं स्वयंपाकघराकडे बोट केलं आणि म्हणाले, ‘समद्यांत... बसून.’

त्यांना चहा हवा होताच. पण त्याहून जास्त, त्यांना पंगत हवी होती! आम्ही सगळे त्यांना खोलीत, कॉटवर, वेगळ्या वेळी, नॅपकिन बांधून भरवत होतो आणि मग बाहेर येऊन जेवत होतो. आयुष्यभर पंगत उठेपर्यंत वाढणारा माणूस एकटा जेवत होता.

त्या दिवसापासून आत्याकडे नियम बदलले. आप्पा टेबलाशी, पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले. सगळ्यांची ताटं एकदम. टीव्ही बंद. जेवणाआधी आणि नंतर ब्रशनं तोंड स्वच्छ, कारण लाळ चुकीच्या नळीत गेलीच तर तिच्याबरोबर जंतू कमी जावेत. घास लहान, चमचा छोटा, डाव्या म्हणजे चांगल्या बाजूला. गिळताना हनुवटी खाली. एक घास गिळला की एकदा नुसतंच गिळायचं. मग ‘आ’. शेवटी उजव्या गालात काही साठलंय का ते बघायचं आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आणि सगळ्यात अवघड नियम, ‘घ्या ना, अजून एक’ असं कुणीही म्हणायचं नाही!

हा शेवटचा नियम आजीला सगळ्यात जड गेला. मॅडमनी तिला आप्पांच्या गळ्यावर हलकेच बोट ठेवायला शिकवलं होतं. कंठमणी, ज्याला आमच्याकडे घाटी म्हणतात, ती वर जाऊन खाली आली की घास गेला. आजी चमचा हातात धरून त्या घाटीकडे बघत बसायची. कधी दहा सेकंद, कधी अर्धा मिनिट. घाई नाही, आग्रह नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात ती त्यांच्याकडे इतका वेळ नुसती बघत कधी बसली असेल, असं मला वाटत नाही.

गिळण्याचे व्यायामही चालू होते. जोर लावून गिळणं, घाटी वर गेल्यावर ती दोन-तीन सेकंद तिथेच धरून ठेवणं. आप्पा ते व्यायाम तालमीतल्या जोरांसारखे मोजून करायचे. मार्चमध्ये नळी निघाली. पोटातल्या नळीची वेळ आली नाही. मे महिन्यात पुन्हा एक्स-रे झाला आणि मॅडमनी पातळ चहाला परवानगी दिली. चमच्यानं, एकेक घोट, हनुवटी खाली. आत्यानं आलं जरा जास्तच ठेचलं. एक कप चहाला वीस मिनिटं लागली, निम्मा थंड झाला. आप्पांनी शेवटचा चमचा गिळला, ‘आ’ केलं आणि आवाज कोरडा खणखणीत आला. कुणीतरी टाळी वाजवली. बहुतेक काकांनीच.

प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. काहींना नळी कायमची लागते. काही घरांत काका म्हणत होते तो निर्णय विचारपूर्वक घेतला जातो आणि तोही मायेनंच घेतलेला असतो. आप्पा आज गावी आहेत. उजवा हात अजून कमजोर आहे. भडंग बंद, कारण कोरडे सुटे दाणे घशात विखुरतात. आमटीत कुस्करलेली भाकरी बंद, कारण त्यात पातळ आणि घट्ट दोन्ही एकदम येतं आणि घसा गोंधळतो. मऊ भात आणि घट्ट वरण, पिठलं, शिजवून घोटलेला घेवडा चालतो. साताऱ्याचा कंदी पेढा दुधात घोटून, मोजून पायरी ४!

हे सगळं कॉलेजच्या मासिकात का लिहितोय? कारण आपण सगळे घरापासून लांब आहोत आणि आपल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी आप्पा आहेत. कधीतरी एक फोन येईल. चेहरा एका बाजूला ओढला, हात उचलत नाही, बोलणं जड झालं असं कळलं तर घरच्यांना सांगा, लगेच मोठ्या हॉस्पिटलात न्या, १०८ ला फोन करा आणि शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं ती वेळ लक्षात ठेवा. आणि दुसरी गोष्ट, जी आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडातून काहीही देऊ नका. पाणी नाही, चहा नाही, शहाळं नाही, गोळीसुद्धा नाही. ‘यांचं गिळणं तपासलंय का?’ एवढा एक प्रश्न डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारा. तो विचारायला मेडिकलची डिग्री लागत नाही.

मे २०२५ मध्ये गावात आमच्या भावकीतलं लग्न होतं. आप्पा पंगतीत बसले, भिंतीला टेकून, खुर्चीवर. शेजारी आजी, तिच्या हातात छोटा चमचा. वाढपी पोरगं बुंदीचं घमेलं घेऊन आलं. आप्पांचाच चेला, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. ‘आप्पा, आज तुमची पाळी! घ्या की वाईच!’ म्हणत त्यानं मूठ पुढे केली.

आजीनं ताटावर आडवा हात धरला. ‘थांब रं,’ ती म्हणाली. ‘त्यांचा घास व्हायचाय.’

पोरगं थांबलं. घमेलं घेऊन तसंच उभं राहिलं. आप्पांची घाटी वर गेली, खाली आली. मग त्यांनीच डाव्या हातानं त्याला पुढच्या ताटाकडे जायची खूण केली, तिथे वाढ म्हणून.